पनिशर विरुद्ध बुल्सआय: कुठून सुरू करायचं, काय टाळायचं

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा सुपरहिरो डेअरडेव्हिल, त्याची मालिका बघून संपली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गुन्हेगारांना संपवणारा पनिशर आणि सुपारी घेणारा बुल्सआय एकमेकांच्या मागे लागले तर काय होईल? याचं उत्तर कॉमिक्समध्ये कधीच देऊन झालंय. अनेक अंकांची सलग झुंज अशी दोनदा रंगली आणि दोन्ही वेळा चित्रकार एकच होता, स्टीव्ह डिलन. अडचण एवढीच, की नवख्या वाचकाला त्या अंकांपर्यंत पोचता येत नाही. पनिशरच्या नावावर पन्नास वर्षांचा ढीग आहे, आणि त्यातले निम्मे संग्रह एकाच नावाचे वाटतात.

मीही धडपडलो. 'पनिशर मॅक्स, भाग दोन' हवा म्हणून मागवला. पुडकं फोडलं तर आत न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमधल्या आयरिश टोळ्यांची भानगड. कथा झकास होती, पण बुल्सआयचा पत्ता नाही. चूक माझीच होती, पाठीमागच्या कव्हरवरची एक ओळ मी वाचलीच नव्हती. ती ओळ कोणती, ते पुढे येईलच.

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे दडपण जाईल. तुम्हाला फक्त १६ अंक वाचायचे आहेत. एक अंक साधारण बावीस पानांचा, म्हणजे साडेतीनशे पानं. दोन रविवारांचं काम.

हाताशी काय हवं

- 'पनिशर व्हर्सेस बुल्सआय' हा पाच अंकांचा संग्रह
- 'पनिशरमॅक्स: किंगपिन' (अंक १ ते ५)
- 'पनिशरमॅक्स: बुल्सआय' (अंक ६ ते ११)
- जमल्यास डेअरडेव्हिलचे दोन जुने अंक, १८१ आणि १९१
- पुस्तकं ठेवायला मुलांचा हात पोचणार नाही असं कपाट. ही थट्टा नाही, कारण पायरी ४ मध्ये आहे.

१. आधी दोघांची ओळख करून घ्या

पनिशर म्हणजे फ्रँक कॅसल, अमेरिकेच्या मरीन दलातला माजी सैनिक, व्हिएतनाममध्ये लढलेला. सेंट्रल पार्कमध्ये बायको-मुलांसोबत असताना टोळीवाल्यांच्या गोळीबारात त्याचं कुटुंब गेलं. तेव्हापासून तो गुन्हेगारांना पकडत नाही, मारतो. तो पहिल्यांदा दिसला 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२९ व्या अंकात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, आणि तोही स्पायडरमॅनला मारायला निघालेला. लेखक जेरी कॉन्वे यांच्या मनात त्याचं नाव आधी 'असॅसिन' होतं, 'पनिशर' हे मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी सुचवलं. म्हणजे आज आपण ज्याला मारेकऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभा करतोय, त्याच्याच बारशाला 'मारेकरी' हे नाव निघालं होतं. हे डोक्यात ठेवून पुढचे अंक वाचा, मजा वाढते.

फ्रँकच्या पोशाखावर छातीशी असलेली कवटी कॉन्वे यांनी छोटीशी, एका बाजूला काढली होती. चित्रकार जॉन रोमिटा सीनियर यांनी ती छातीभर पसरवली आणि तिचे दात पट्ट्यापर्यंत ओढले. आपल्यापैकी जे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले, त्यांना कवटी म्हटलं की वेताळच आठवतो. त्याची अंगठी गुंडाच्या जबड्यावर शिक्का उमटवायची आणि गुंड जन्मभर तो मिरवायचा. फ्रँकच्या कवटीचा शिक्का मिरवायला सहसा कोणी शिल्लक राहत नाही.

बुल्सआय दोन वर्षांनी आला, डेअरडेव्हिलच्या १३१ व्या अंकात, मार्च १९७६ मध्ये. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार बॉब ब्राऊन. हा सुपारी घेऊन मारणारा. बंदूक असली तर ठीक, नसली तरी अडत नाही. पत्ता, दात कोरायची काडी, पेन, जे हाताला लागेल ते फेकतो आणि ते बरोबर लागतं. खरं नाव बहुधा लेस्टर. 'बहुधा' अशासाठी, की स्वतःबद्दल तो सांगतो त्यातलं किती खरं मानायचं हा प्रश्नच असतो.

फ्रँक तयारीचा माणूस आहे. नकाशे, गाडीभर शस्त्रं, आठवडाभर पाळत. बुल्सआय खोलीत शिरतो आणि टेबलावर काय पडलंय ते बघतो. दोघांमधली खरी झुंज ही आहे. 'जास्त ताकद कोणाची' या प्रश्नाने वाचायला बसलात तर दोन्ही कथांत हिरमोड होईल.

एक सूचना, फ्रँकच्या प्रेमात पडू नका. अमेरिकेत काही पोलिसांनी ही कवटी गाड्यांवर लावली, तेव्हा खुद्द कॉन्वे यांनी नापसंती दाखवली. पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था हरल्याची खूण, असं त्यांचं म्हणणं. २०१९ च्या एका अंकात फ्रँक स्वतःच पोलिसांच्या गाडीवरचा तो स्टिकर फाडतो आणि त्यांना सांगतो की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा.

२. दोन जगं एकमेकांत कालवू नका

बहुतेक जण इथेच अडखळतात. मार्व्हलचं मुख्य जग वेगळं, आणि 'मॅक्स' या प्रौढांसाठीच्या मालिकेचं जग वेगळं. मुख्य जगात स्पायडरमॅन आहे, जादू आहे, मेलेली माणसं परत येतात, आणि कोणाचं वय वाढत नाही. मॅक्समध्ये सुपरहिरो नाहीत. तिथला फ्रँक खऱ्या कॅलेंडरनुसार म्हातारा होतो. त्याचा जन्म १९५० चा, म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेल्या मालिकेत तो साठीचा आहे. गुडघे दुखणारा, जखमा लवकर न भरणारा साठीचा माणूस. हे माहीत नसेल तर तो मार खातो तेव्हा तुम्हाला लेखक ढिला वाटेल.

यादीतला पहिला संग्रह मुख्य जगातला, पुढचे दोन मॅक्समधले. दोन्हीकडे पनिशर, दोन्हीकडे बुल्सआय, आणि चित्रकार एकच असल्याने चेहरेही ओळखीचे. तरी एका गोष्टीतलं दुसरीत काहीही लागू नाही. मॅक्समधल्या बुल्सआयला पहिल्या कथेतलं काही आठवत नाही, कारण त्याच्या बाबतीत ते घडलेलंच नाही.

३. पहिली फेरी: २००५-०६ चे पाच अंक

'पनिशर व्हर्सेस बुल्सआय' लिहिलंय डॅनियल वे यांनी. मांडणी सरळ आहे. माफियाची उरलीसुरली मंडळी फ्रँकला कंटाळली आहेत, म्हणून सुपारी दिली जाते. सुपारी घेणारा बुल्सआय, आणि तो कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

सूर काळ्या विनोदाचा आहे. प्रेतं पडतात आणि तुम्ही हसता, मग हसल्याचं थोडं वाईट वाटतं. खोलात जाणारी कथा नाही. पण सुरुवातीला हीच घ्या, कारण आधीचं काहीही माहीत नसलं तरी चालतं आणि डिलनच्या हाताची सवय होते.

आवडली तर वे आणि डिलन याच जोडीचं २००४ मध्ये सुरू झालेलं 'बुल्सआय: ग्रेटेस्ट हिट्स' आहे. तिथे बुल्सआय कैदेत बसून आपली जन्मकथा सांगतो. ऐकून घ्या, विश्वास ठेवू नका.

४. मॅक्स उघडण्याआधी

मॅक्स ही शाखा २००१ मध्ये सुरू झाली ती खास प्रौढांसाठी, आणि कव्हरवर तसा इशारा छापलेला असतो. तो शोभेचा नाही. यात छळ आहे, लहान मुलांच्या वाट्याला येणारी हिंसा आहे, शिव्या आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा भाचा घरी आला होता. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तर हा गादीवर पालथा पडून 'किंगपिन' चाळतोय. "मामा, हे स्पायडरमॅनवालंच आहे ना?" म्हटलं, होतं एके काळी. पुस्तक त्याच्या हातातून काढून घेईपर्यंत त्याची चार पानं झाली होती, आणि रात्री बहिणीसमोर त्याने त्यातलं एक पान हातवारे करून सांगितलं. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे.

५. दुसरी फेरी: आधी किंगपिन, मगच बुल्सआय

लेखक जेसन आरन, चित्रं पुन्हा डिलन, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ. मालिका २०१० ते २०१२ अशी २२ अंक चालली.

सगळे जण थेट सहाव्या अंकावर उडी मारतात, कारण कव्हरवर बुल्सआय आहे. तसं करू नका. पहिल्या पाच अंकांत विल्सन फिस्क घडतो. टोळ्यांचे म्होरके फ्रँकसाठी आमिष म्हणून एक खोटा 'किंगपिन', म्हणजे सगळ्या टोळ्यांचा बादशहा, उभा करायचं ठरवतात, एक नुसतं नाव, एक बुजगावणं. त्या बुजगावण्याची भूमिका करायला निवडलेला माणूस म्हणजे फिस्क, एका डॉनचा अंगरक्षक. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी तो त्यासाठी काय किंमत मोजतो, हे पाचव्या अंकात बघितलं की पुस्तक मिटून थोडं बसावं लागतं. हा फिस्कच बुल्सआयला सुपारी देणार आहे. तो कशातून गेलाय हे माहीत नसेल तर पुढची सगळी देवाणघेवाण सपक लागते.

याच पाच अंकांत आणखी एक मारेकरी भेटतो, मेनोनाइट पंथाचा. आधुनिक यंत्रं वापरायची नाहीत या धर्मनियमाला धरून तो घोड्याच्या गाडीतून येतो आणि फ्रँकशी हातोड्यासारख्या अवजारांनी लढतो. शस्त्रांनी भरलेल्या माणसासमोर बंदूक न वापरणारा माणूस. बुल्सआय येण्याआधीची ही रंगीत तालीम समजा.

मग सहा ते अकरा.

या बुल्सआयला फ्रँकला नुसतं मारायचं नाही. त्याला फ्रँक समजून घ्यायचाय. निशाणा लागायला निशाण काय आहे ते कळलं पाहिजे, हा त्याचा धंद्याचा नियम, आणि तो नियम तो वेडेपणाच्या टोकाला नेतो. फ्रँक कसा झोपतो, काय खातो, कशासाठी उठतो. फ्रँकसारखं जगून बघितल्याशिवाय फ्रँक मरणार नाही अशी त्याची खात्री होते. आणि त्याला एक प्रश्न सुटत नाही: इतकी वर्षं, इतकी माणसं, फक्त शोकापायी? एवढा शोक कोणाला होतो का?

सेंट्रल पार्कमधल्या त्या दिवसाबद्दल इतक्या वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न इथे एक भाडोत्री मारेकरी विचारतो. उत्तर काढतोही, आणि ते फ्रँकच्या कानात सांगतो. ते काय, हे मी सांगणार नाही. गोळीपेक्षा ते जास्त खोल जातं, आणि फेकायला त्याच्या हातात शब्दाखेरीज दुसरं काही नसतं.

म्हणूनच माझ्या मते ही दुसरी फेरी पहिलीच्या कितीतरी वर आहे. पहिलीत दोन हत्यारं एकमेकांवर आपटतात. दुसरीत एक माणूस दुसऱ्याला वाचतो.

६. डिलनचं पान कसं बघायचं

मॅक्सची कव्हरं डेव्ह जॉन्सन यांची आहेत, ठसठशीत पोस्टरसारखी. ती बघून आतही तसंच असेल असं वाटतं. आत उघडलं की आडव्या, साध्या चौकटी, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले चेहरे, मोकळी पार्श्वभूमी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे काटकसरीचं वाटतं. मलाही वाटलं होतं.

युक्ती सांगतो. एक पान संवादांचे फुगे न वाचता बघा, फक्त चेहरे. फ्रँकचा चेहरा चौकटीमागून चौकट तोच राहतो, कपाळावरची एक रेघ सोडून. बुल्सआयचा मात्र सतत हलतो. भुवई, ओठाचा कोपरा, नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखी मान तिरकी. मग पुन्हा मागे येऊन संवाद वाचा. अकराव्या अंकात फ्रँकचा हा न हलणारा चेहरा हलतो की नाही, हे बघण्यासाठीच आधीचे दहा अंक तो गोठवून ठेवलाय असं वाटतं.

डिलन इंग्लंडचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते गेले.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका. न्यूयॉर्कच्या टोळ्यांची बोली मुंबईच्या बातम्या वाचलेल्याला परकी नाही. 'हिट' किंवा 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे आपली सुपारी. 'कापो' म्हणजे टोळीतल्या एका तुकडीचा भाई. 'मेड मॅन' म्हणजे रीतसर टोळीत घेतलेला, ज्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. फ्रँक अर्थात परवानगी मागत नाही.

७. खरेदी, आणि माझी फसगत

आता ती ओळ. मागच्या कव्हरवर किंवा आतल्या श्रेयपानावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की या संग्रहात कोणत्या मालिकेचे कितवे अंक आहेत. तेवढंच खरं. कव्हरवरचं नाव, भागाचा आकडा, विक्रेत्याने लिहिलेलं वर्णन, यातल्या कशावर जाऊ नका.

गोंधळ का होतो ते बघा. २००४ मध्ये गार्थ एनिस यांची मॅक्स मालिका सुरू झाली. त्यांनी ६० अंक लिहिले, नंतर दुसऱ्या लेखकांनी ती ७५ पर्यंत नेली, आणि ६६ व्या अंकापासून शीर्षकात 'फ्रँक कॅसल' आलं. तिला सगळे 'पनिशर मॅक्स' म्हणतात, दोन शब्द. २०१० मध्ये आरन यांची नवी मालिका एक नंबरपासून सुरू झाली, तिचं नाव 'पनिशरमॅक्स', एकच शब्द. मधली ती मोकळी जागा म्हणजे माझे वाया गेलेले पैसे. त्यात दोन्ही मालिका एकत्र ओवणारे जाडजूड 'कंप्लीट कलेक्शन'ही आहेत, त्यांचे क्रमांक आणखी निराळे. म्हणून 'भाग दोन' असं कधीच शोधू नका. लेखकाचं आडनाव, 'बुल्सआय' आणि अंक ६-११, हे तीन एकत्र टाका.

आरन यांच्या २२ अंकांचा एक मोठा ऑम्निबसही, म्हणजे सगळं एकाच जाड पुस्तकात, निघाला आहे. मिळाला आणि परवडला तर सुटसुटीत, फक्त पडून वाचता येत नाही, छातीवर वजन पडतं.

जुना माल घेताना विक्रेत्याकडून पाठकण्याचा आणि पहिल्या दहा पानांचा फोटो मागवा. आपल्या पावसाळ्यात गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात, आणि सोडवताना छपाई सोलून निघते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा रद्दीच्या दुकानात सुटा अंक हाती लागला तर घ्या, पण मालिकेतला नेमका हवा तो अंक तिथे मिळेल या आशेवर बसू नका.

मोबाइल किंवा टॅबवर वाचायचं तर किंडलवर बघा. जुन्या लेखांत कॉमिक्सॉलॉजी ॲपचा सल्ला दिसेल, ते स्वतंत्र ॲप डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं.

आणखी एक खड्डा: पात्रांची माहितीपानं. 'जरा नाव बघू' म्हणून उघडाल आणि पहिल्याच परिच्छेदात २२ व्या अंकाचा शेवट वाचून बसाल. मला मित्राने व्हॉट्सॲपवर एका चौकटीचा फोटो पाठवून ही सेवा मोफत पुरवली.

८. मधल्या वेळात: डेअरडेव्हिलचे दोन अंक

दुसरा संग्रह यायला आठवडा लागणार असेल तर फ्रँक मिलर यांचे हे दोन वाचा. १८१ वा, एप्रिल १९८२ चा. बुल्सआय आधी पत्त्याने डेअरडेव्हिलच्या जुन्या प्रेयसीचा, एलेक्ट्राचा, गळा चिरतो, मग तिच्याच साईने (तीन टोकांच्या खंजिराने) तिला भोसकतो. डेअरडेव्हिलशी झालेल्या मारामारीत तो उंचावरून पडतो आणि लुळा होतो. आणि १९१ वा. त्यात डेअरडेव्हिल इस्पितळाच्या खाटेवर निपचित पडलेल्या बुल्सआयशेजारी बसून पिस्तुलाचा जुगार खेळतो, एकदा स्वतःवर, एकदा त्याच्यावर. बुल्सआय पूर्ण अंकात बोटही हलवत नाही, तरी तो अंक त्याचाच आहे. मॅक्समधल्या अकराव्या अंकानंतर हा पुन्हा काढून बघा.

९. पुढे जायचं का

अकराव्या अंकावर थांबलात तरी झुंज पूर्ण झालेली असते. पण खरं सांगायचं तर कोणी थांबत नाही. १२ ते १६ 'फ्रँक' आणि १७ ते २१ 'होमलेस' हे त्याच मालिकेतले पुढचे भाग, २२ वा शेवट. बुल्सआयने कानात जे सांगितलं त्याचा खुलासा 'फ्रँक'मध्ये सविस्तर येतो, म्हणून निदान तिथवर जा. एनिसचे ६० अंक त्यानंतर घ्या, आणि त्यांच्या आधी 'बॉर्न' हे चार अंकांचं व्हिएतनामचं प्रकरण.

तेव्हा माझ्याकडे चुकून आलेली ती आयरिश टोळ्यांची गोष्टही लागेल. माझी प्रत बारा ठिकाणी फिरून सध्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे आहे, आणि तो ती परत द्यायचं नाव काढत नाही.